दीड हात मोकळा ताणा

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. पण ती कबूल करूनही माझा राग गेलेला नाही, आणि तो नेमका कोणावर आहे हेही मला अजून धड ठरवता आलेलं नाही. कधी तो कला महाविद्यालयातल्या मॅडमवर असतो, कधी परदेशातल्या एका म्हातारीच्या लेकीवर, कधी प्रदर्शनाच्या हॉलवाल्यांवर. सकाळी चहा घेताना तो बहुतेक वेळा माझ्यावरच असतो.

मी विणकराच्या घरातली. माहेर उमरेडचं, सासर खाप्याचं, आणि आता कितीतरी वर्षं नागपुरात. माहेरी दोन माग होते. बाबा आणि काका विणत, आई सुताच्या कांड्या भरायची, आणि आम्ही बहिणी शाळेतून आलो की दप्तर फेकून सूत उकलत बसायचो. मागावर मात्र मुलींना बसू देत नसत. पुढं भावांनी माग मोडले. एकानं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, दुसरा कंपनीत लागला. ज्यांना हक्कानं बसायला मिळत होतं ते उठले, आणि जिला कोणी बसू देत नव्हतं ती मी हट्टानं शिकले. हातमागाच्या प्रशिक्षण केंद्रात शिक्षिका झाले आणि तिथूनच निवृत्त झाले.

केंद्रात माझी ख्याती होती ती फाटक्या नमुन्यांसाठी. लोक आजीचं, पणजीचं लुगडं घेऊन यायचे. पदर उंदरांनी खाल्लेला, काठ अर्धा विरलेला. म्हणायचे, बाई, अगदी असंच पाहिजे. मग मी काय करायची, उरलेल्या दोन्ही बाजू समोर ठेवायची आणि मधलं भरायची. काठाला एक रीत असते. इकडं नक्षीचे अमुक दात, तिकडं अमुक दात, तर मधे काय असणार हे डोक्याच्या आधी हाताला कळतं. आमच्यात फाटका नमुना तसाच फाटका विणून देणं म्हणजे कामचोरी. इतक्या वर्षांत माझ्याकडं एकही लुगडं परत आलं नाही. बायका काठावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, हेच, आजीचं हेच होतं. मला त्याचा माज होता, असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मॅडम घरी आली. कला महाविद्यालयात शिकवते. पूर्वी विद्यार्थिनी असताना केंद्रात महिनाभर माझ्याकडं शिकायला होती, म्हणून मला काकू म्हणते. म्हणाली, पॅलेस्टाईनवर प्रदर्शन भरवतो आहोत. भिंतीवर टांगायची चित्रं नाहीत. अख्खी खोलीच चित्र असते, आपण तिच्यात जाऊन उभं राहायचं, तसलं. कोणी रेडिओच्या डब्यात आवाज भरून पाठवलाय, कोणी मातीत पावलं उमटवलीत. तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी मात्र छताला चाव्या टांगायचं ठरवलं होतं. तिकडच्या लोकांनी घरं सोडली तरी चाव्या जपल्या, हे सगळ्यांनी एकाच ठिकाणी वाचलं होतं. तिला त्यांचा वैताग आला होता.

"अन् मी काय करू त्यात?" मी विचारलं.

"तुम्ही विणायचं काकू. तिकडच्या एका कलाकार बाईचं काम आहे, तिले व्हिसा भेटला नाही. कापडही पाठवता येत नाही. ती नुसते कागद पाठवणार, आपण इथं विणायचं."

"पोरी, तिथं बॉम्ब पडून राहिले अन् तुले कापड सुचून राहिलं?"

"कापडाचंच तर सांगून राहिली मी," ती म्हणाली, आणि सांगायला बसली.

त्या बाईच्या आईचं एक गाव होतं. त्या मुलखात गावोगावच्या बायका आपल्या झग्यावर भरतकाम करत, आणि छातीवरचा नमुना पाहून बाई कोणत्या गावची हे लोक ओळखत. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडंही काठ पाहून माग कुठला ते सांगणारे होते. तर ते गाव आता नाही. आई लहान असताना सगळ्यांना हाकललं, मागून घरं पाडली. गावातून निघताना आजीनं, म्हणजे या बाईच्या आईच्या आईनं, झगा गाठोड्यात घातला. छावणीत तो टिकला, नंतर गाझातल्या घरात कपाटात टिकला. इतकी वर्षं टिकला आणि मग एका दिवशी घरच पडलं, कपाटासकट.

म्हातारी वाचली. ऐंशीच्या पुढची आहे, शेजारच्या देशात पुतण्याच्या घरी एका खोलीत राहते. लेक तिसऱ्याच देशात. झग्याचा धड फोटोही नाही. म्हणून लेकीनं रोज फोनवर आईला विचारून चौकटीच्या कागदावर तो नमुना उतरवला. म्हातारी डोळे मिटून सांगायची, तीन लाल, एक काळा, तीन लाल. लेक चौकटी रंगवायची. असं वर्षभर चाललं. आणि एवढी घाई यासाठी की म्हातारीची आठवण जात चालली होती. काल सांगितलेलं आज आठवत नव्हतं. ती गेली की तो नमुना माहीत असलेलं जगात कोणी उरणार नव्हतं.

सगळा नमुना आला, फक्त एक पट्टा आला नाही. सरूच्या झाडांची रांग आणि वरच्या चांदण्या यांच्या मधे काहीतरी होतं, एवढंच म्हातारीला आठवत होतं. काय, ते काही केल्या आठवेना. लेकीनं तेवढी जागा कोरी सोडली होती. कापडात तिथं दीड हात नुसता ताणा, म्हणजे उभे धागे राहू द्यायचे. आडवा धागा एकही घालायचा नाही. कापड छताला टांगायचं आणि मागून दिवा लावायचा, म्हणजे त्या मोकळ्या धाग्यांतून उजेड फरशीवर पडेल.

"काहून?" मी विचारलं.

"आजीले आठवत नाही म्हणून."

"आठवत नाही म्हणून मोकळं सोडायचं? मग विणकर कशाले पाहिजे?"

"काकू, तेच तर काम आहे. बाकीचं सगळं त्या मोकळ्या जागेसाठी आहे."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

खाप्याच्या दिराकडं एक माग सुटा करून ठेवलेला होता. तो टेम्पोत घालून आणला आणि पुढच्या खोलीत उभा केला. आमच्या ह्यांची स्कूटर त्यामुळं अंगणात गेली, आणि तेव्हापासून त्यांची कुरकुर सुरू झाली. लकडगंजातून लाल सूत आणलं, ते शेंदरी निघालं, परत केलं. दुसरं आणलं. दुकानदारानं विचारलं, कोणाचं लुगडं आहे? मी सांगितलं. तो म्हणाला, आपल्याकडचे माग बंद पडून राहिले बाई, त्याचं पहा की काही. शेजारीण हेच म्हणाली. भाऊ फोनवर हेच म्हणाला. आमचे हे जेवताना म्हणाले, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. उमरेडच्या काठाले कोणी पुसत नाही अन् तू गाझाचा काठ विणून राहिली."

मी म्हटलं, तुम्ही जेवा. पण चिडचिड व्हायची. भावाला बोलायला काय तोंड होतं, ज्यानं स्वतःचा माग जळणात घातला. तरीही त्याचं बोलणं दिवसभर डोक्यात राहायचं.

कामाला बसलं की ते सगळं मागं पडायचं. कागदांच्या कडेला त्या लेकीनं बारीक अक्षरात काही काही लिहिलं होतं. मॅडमनं ते मला वाचून दाखवलं होतं आणि मी पेन्सिलीनं मराठीत लिहून घेतलं होतं. एका ठिकाणी, आई म्हणते दोन नाही, तीन. एका ठिकाणी, इथं आई थांबली, उद्या विचारते. एका ठिकाणी खोडून परत रंगवलेलं आणि खाली, आज पुन्हा विचारलं, कालचंच बरोबर होतं. मी ती म्हातारी कधी पाहिली नव्हती. पण तिचा हात मला कळायला लागला. काळा दोरा ती जपून वापरायची आणि लाल सढळ हातानं. कोपऱ्यात घाई करायची. असं कोणाचं काम हाताखालून गेलं की ते माणूस आपलं वाटायला लागतं. मला ती आवडायला लागली, हे मोकळेपणानं सांगते.

आणि मग तो कोरा कागद आला.

आमच्या कामात मोकळ्या ताण्याचा एकच अर्थ असतो. एक लुगडं विणून झालं की चार बोटं ताणा मोकळा सोडतात आणि पुढचं सुरू करतात. त्या चार बोटांतून कात्री चालवायची असते. इथं तर ऐन मधे दीड हात. मी मागाची फणी पुढं सरकवून बसले. उठले, पाणी प्यायले, परत बसले. हात पुढं जाईना. मला असं वाटलं की मी तिचं गाव आपल्या हातानं कापायला काढलंय.

मग मी पाहिलं. पाहू नये ते पाहिलं. खाली सरूची झाडं, त्यांची मोजणी माहीत. वर चांदण्या, त्यांचीही माहीत. दोन्ही मोजण्या एकमेकींत बरोबर बसत होत्या, आणि मधे दात घातले तर सुताचाही फरक पडत नव्हता. आपल्याकडच्या करवती काठाला असतात ना, करवतीसारखे टोकदार, तसेच. दुसऱ्या कागदावर त्या म्हातारीनं एका जागी बारीक दात सांगितलेही होते. म्हणजे तिच्या गावात दात होते. मला वाटलं, झालं, सापडलं. फाटका नमुना आहे, दोन्ही बाजू शाबूत आहेत, मग अडलंय कशाला. लेकीला विणकाम येत नाही, म्हणून तिला दिसलं नाही. मला दिसलं.

आमच्या काठाची करवत मी आडवी करून घातली. चार दिवस लागले. मनात काय होतं तेही सांगते, लपवायचं कशाला. ते कापड पाहून म्हातारी विचारेल, हे हिला कसं कळलं, असं मनात होतं. मला ते ऐकायचं होतं. मी मॅडमला सांगितलं नाही. ती यायची तेव्हा विणलेलं कापड गुंडाळीत गेलेलं असायचं आणि वर नुसत्या चांदण्या दिसायच्या.

कापड मागावरून उतरवायचा दिवस ठरला. प्रदर्शनाला आठवडा होता. लेकीला ते उतरताना पाहायचं होतं आणि आईलाही दाखवायचं होतं, म्हणून मॅडम सकाळीच फोन घेऊन आली. फोनच्या एका चौकटीत लेक, चाळिशीची, चष्मा लावलेली. दुसऱ्या चौकटीत म्हातारी, पांढरी ओढणी घेतलेली, तोंड कॅमेऱ्याच्या फार जवळ आणलेली. आई लेकीशी अरबीत बोलायची, लेक मॅडमशी इंग्रजीत, मॅडम माझ्याशी मराठीत. आम्ही दोघा नवराबायकोंनी कापड उलगडून खोलीभर धरलं.

मॅडमला पहिल्यांदा दिसलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. 

तेवढ्यात म्हातारी बोलायला लागली. बोट पडद्याला लावून लावून बोलत होती. एक दात, दोन दात, बोट वर खाली. हसत होती. मग डोळे पुसले आणि पुन्हा बोलायला लागली, थांबेचना. मी मॅडमला म्हटलं, काय म्हणून राहिल्या, सांग ना. लेक गप्प होती म्हणून मॅडमकडं सांगायला काही नव्हतं. शेवटी लेकीनं दोनच वाक्यं सांगितली आणि ती मॅडमनं मला सांगितली. "आई म्हणते, हेच होतं. तिची आई चुलीपाशी बसून हेच भरायची, दोरा दातांनी तोडायची."

माझा जीव सुपाएवढा झाला. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी मान डोलावली.

म्हातारी दमली तशी तिला पुतण्याच्या बायकोनं पलंगावर नेलं. ती चौकट बंद झाली. मग लेक बोलली. आवाज चढवला नाही, पण मॅडमचं तोंड उतरत गेलं. मॅडमनं मला शब्दाला शब्द सांगितलं. लेक म्हणाली, मी तिला वर्षभरात कितीतरी नमुने काढून दाखवले होते. दातसुद्धा दाखवले होते. हेच दात. तेव्हा तिचं डोकं बरं होतं आणि ती ठाम नाही म्हणाली होती. म्हणाली होती, दात नव्हते, अजून काहीतरी होतं, मला आठवेल. आता तिला काहीही पूर्ण केलेलं दाखवलं तर ती हो म्हणते. म्हणून मी तिला पूर्ण केलेलं काहीच दाखवत नव्हते. तिचं ते विसरलेलं मी जपून ठेवलं होतं. ते तुम्ही भरून टाकलं.

मला झोंबलं. मी म्हटलं, "तिले सांग, म्हातारी हसली की नाही? इतक्या दिवसांत हसली होती का? अन् आता बरोबर असेल तर? दोन्हीकडची मोजणी जमते, सुताचा फरक नाही."

मॅडमनं ते सांगितलं की नाही कोण जाणे. लेकीनं एवढंच म्हटलं की कृपा करून तेवढं काढा. आणि फोन ठेवला.

मॅडम जाताना दारात म्हणाली, "काकू, सांगितलं होतं ना तुम्हाले."

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "जा आता."

ती गेल्यावर मी ह्यांच्यावर डाफरले, विनाकारण. नसती उठाठेव, ते म्हणाले, आणि त्यांचंही खरं होतं. दुपारभर मी त्या कापडाकडं पाठ करून बसले. राग यायचा तो असा, की मी चुकले हे सिद्ध कोण करणार? जिला खरं माहीत आहे ती हो म्हणते, आणि जी नाही म्हणते तिनं तो झगा मन लावून कधी पाहिलाच नाही, तिनंच कागदाच्या कडेला तसं लिहिलेलं होतं. मग डोक्यात आलं, त्या सगळ्या बायका, आजीचं हेच होतं म्हणणाऱ्या. त्याही अशाच हो म्हणाल्या असतील काय? पूर्ण काठ हातात आला म्हणून? मी किती जणींच्या आज्या बदलून टाकल्या असतील. हे डोक्यात आल्यावर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उसवायला बसले. विणलेलं कापड मधूनच उसवणं विणण्यापेक्षा कठीण. खालची आणि वरची कड आधी शिवून पक्की केली, मग आडवा धागा कापून एकेक सुईनं ओढून काढला. हेही चष्मा लावून समोर बसले आणि धागे ओढू लागले. काढलेल्या लाल धाग्यांचा ढीग ताटात जमला. पाच दिवस गेले. आणि एवढं करून ताणा सरळ राहीना. जिथं जिथं आडवा धागा गेला होता तिथं तिथं उभ्या धाग्याला बाक पडला होता. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण मला दिसत होता. मी पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली, वजन बांधून ठेवलं. थोडा गेला, थोडा राहिला.

तिकडं हॉलवाल्यांचं वेगळंच चाललं होतं. त्यांना फलकावर पॅलेस्टाईन हा शब्द नको होता. शेवटी फलकावर लिहिलं, स्मृती आणि शांती. मॅडम भांडून भांडून बसली होती. म्हणाली, काकू, जिथं बोलायचं तिथंच कोरं ठेवायला लावतात, आणि जिथं कोरं ठेवायचं तिथं...  मला कळलं, मी मान खाली घातली.

उद्घाटनाच्या दिवशी कापड टांगलं, मागून दिवा लावला. उजेड फरशीवर पडला, आणि खोटं कशाला बोलू, छान पडला. लोक त्यात पाय ठेवून फोटो काढत होते. केंद्रातले एक जुने विणकर आले होते, माझ्याहून मोठे. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मोकळ्या जागेपाशी थांबले. "इथून कापायचं राहिलं का वं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, एवढंच आहे. ते म्हणाले, असं कसं, आणि चहाकडं गेले.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मॅडम मला शोधत आली. हातात फोन. म्हणाली, आजी ऐकत नाही आहे. त्या दिवसापासून रोज विचारते, झगा कधी टांगणार. लेकीनं टाळून पाहिलं, नाही टळलं. आता त्यांना दाखवावंच लागणार. मी म्हटलं, मला नको. पण फोन समोर आलाच. त्याच दोन चौकटी.

मॅडमनं फोन कापडासमोर धरला. म्हातारी पाहत राहिली. खाली झाडं पाहिली, मान डोलावली. वर चांदण्या पाहिल्या. मग मधे आली आणि थांबली. काहीतरी विचारलं.  म्हातारीनं पुन्हा तेच विचारलं. मला अरबी येत नाही, पण ते मला कळलं.

"विचारून राहिल्या, कुठं गेलं," लेकीकडून ऐकून मॅडम हळूच म्हणाली.

मला वाटलं, आता चिडेल, रडेल. मी तयारी केली होती. मनात म्हटलं, बोल बाई, मला बोल, तुझा हक्क आहे. पण म्हातारीला मला पाहायचं होतं. मॅडमनं फोन माझ्याकडं वळवला. म्हातारीनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि ती फार मऊ आवाजात बोलली. लेकीनं ते ऐकलं, चष्मा काढला, परत लावला, आणि मग इंग्रजीत सांगितलं. मॅडमनं मला सांगितलं.

"त्या म्हणतात, विसरलीस ना? होतं असं. मी पण विसरले होते. काळजी करू नको. मी सांगते, तू मोजून घे."

माझ्याजवळ कागद नव्हता. प्रदर्शनाचं पत्रक होतं, त्याची मागची बाजू कोरी होती. मॅडमनं पेन दिलं. म्हातारीनं बोटं वर केली आणि सांगायला लागली, सावकाश, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं. एक दात, मग तीन घरं सोड, मग दुसरा दात, टोकाला काळा. माझी मोजणी. उमरेडच्या काठाची. तिनं एका बैठकीत पाहिली होती आणि एक घरही चुकत नव्हती. प्रत्येक आकडा लेकीला इंग्रजीत करून सांगावा लागत होता, जी तो ऐकायलाही तयार नव्हती. मधे एकदा लेक थांबली. म्हातारीनं तिला काहीतरी दटावलं, तशी ती पुन्हा सांगायला लागली. पाच. मग मॅडम, पाच. मग मी लिहिलं, पाच.

संपल्यावर म्हातारीनं विचारलं, लिहिलंस का नीट. मी कागद फोनसमोर धरला. तिनं जवळ येऊन तो पाहिला, एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाली, इथं एक दात कमी आहे. होता. मी तो वाढवला.